रस्ट भाषेतील त्रुटी-हाताळणी आणि कंपायलरच्या किमान आवृत्तीचा प्रश्न (इ. स. २०१४ ते २०२५) : एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : रस्ट, कंपायलर, लायब्ररी, त्रुटी-हाताळणी, किमान आवृत्ती, सुसंगतता

प्रस्तावना :

संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणारी व्यक्ती दोन गोष्टींवर विसंबून असते. एक म्हणजे कंपायलर. माणसाने लिहिलेल्या मजकुराचे तो यंत्राला कळणाऱ्या आज्ञांत रूपांतर करतो. दुसरी म्हणजे इतरांनी आधी लिहून ठेवलेल्या लायब्ररी. फाईल वाचणे, तारखांचा हिशेब करणे, नेटवर्कवरून माहिती आणणे अशी नित्याची कामे त्या करून देतात. ही कामे दर वेळी यशस्वी होतातच असे नाही. फाईल सापडत नाही, जोडणी तुटते, आकड्याच्या जागी अक्षर येते. अशा वेळी काय बिघडले आणि का बिघडले, हे वापरणाऱ्याला नीट कळवणे ही लायब्ररीची जबाबदारी असते. या व्यवस्थेस त्रुटी-हाताळणी म्हणतात.

भाषा जसजशी विकसित होते तसतशी त्रुटी-हाताळणीची साधने सुधारतात. परंतु सुधारलेले साधन वापरणारी लायब्ररी जुन्या कंपायलरवर चालत नाही. जुन्या कंपायलरला सांभाळून घ्यावे तर त्रुटीचे मूळ कारण वाटेतच हरवते. हा पेच भारतातील, त्यात महाराष्ट्रातीलही, संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अगदी अपरिचित नाही. सी++ भाषेतील ‘एक्सेप्शन’ या संकल्पनेची मांडणी १९९० साली झाली आणि १९९८ च्या प्रमाणित सी++ मध्ये तिला स्थान मिळाले. मात्र अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत दीर्घकाळ वापरात राहिलेला ‘टर्बो सी++ ३.०’ हा कंपायलर १९९० च्या दशकाच्या आरंभीचा होता व त्यात एक्सेप्शनची सोयच नव्हती. परिणामी जे प्रकरण पुस्तकात वाचावयाचे, ते त्या यंत्रावर चालवून पाहता येत नसे. त्रुटी-हाताळणीचे ज्ञान असणे आणि हाती असलेल्या कंपायलरने ते वापरू देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

प्रस्तुत लेखात रस्ट या तुलनेने नव्या भाषेच्या इतिहासातून या पेचाचा मागोवा घेतला आहे.

उद्दिष्टे :

१) रस्ट भाषेतील त्रुटी-हाताळणीच्या विकासाचे टप्पे कालक्रमाने मांडणे.
२) कंपायलरच्या किमान आवृत्तीच्या मर्यादेचा लायब्ररीतील त्रुटी-हाताळणीवर झालेला परिणाम तपासणे.
३) या दोहोंत समतोल साधण्यासाठी योजलेल्या उपायांचे मूल्यमापन करणे.

अभ्यासपद्धती :

लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. भाषेच्या प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्या व त्यांतील बदल हा विवेचनाचा मुख्य आधार आहे.

१. स्थैर्याचे वचन आणि प्रश्नचिन्ह :

रस्टची सुरुवात ग्रेडन होअर यांनी २००६ साली वैयक्तिक प्रकल्प म्हणून केली. २००९ पासून मोझिला या संस्थेने त्यास पाठबळ दिले. आरंभीच्या काळात भाषा वारंवार बदलत असे. आज लिहिलेला प्रोग्रॅम काही महिन्यांनी चालेलच याची खात्री नसे. ही अवस्था संपविण्याची भूमिका २०१४ च्या अखेरीस जाहीर झाली आणि १५ मे २०१५ रोजी रस्ट १.० प्रसिद्ध झाली. यापुढे जुना प्रोग्रॅम नव्या कंपायलरवर चालत राहील, असे वचन तिच्यासोबत देण्यात आले. दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढण्याचा परिपाठही सुरू झाला.

या वचनाचे स्वरूप नीट समजून घेणे आवश्यक आहे. ते एकाच दिशेने जाणारे वचन होते. जुना मजकूर नव्या कंपायलरवर चालेल. परंतु नवा मजकूर जुन्या कंपायलरवर चालेल, असे कोणी म्हटले नव्हते आणि तसे म्हणणे शक्यही नव्हते. पुढील सर्व वादाचे मूळ या एकदिशा स्वरूपात आहे.

त्रुटीसंबंधी रस्टची भूमिका प्रथमपासून स्पष्ट होती. सी भाषेत फंक्शन एखादा विशिष्ट आकडा परत करते आणि कारण ‘एररनो’ या सामायिक जागेत ठेवते. ते पाहणे न पाहणे प्रोग्रॅमरच्या मर्जीवर असते. रस्टमध्ये फंक्शन ‘रिझल्ट’ या प्रकारचे मूल्य परत करते. त्यात एक तर उत्तर असते किंवा त्रुटी असते, आणि ते उघडून पाहिल्याशिवाय उत्तर हाती येत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे हितावह असले तरी लिहिताना जाचक होते. प्रत्येक पायरीवर त्रुटी तपासून ती वरच्या फंक्शनकडे पाठवावी लागे. त्यासाठी १.० मध्ये ‘ट्राय’ नावाचा मॅक्रो होता. अशी वाक्ये एकात एक गुंफली की मजकूर वाचणे कठीण होई. त्याऐवजी केवळ एक प्रश्नचिन्ह लिहावे, असा प्रस्ताव २०१४ सालीच पुढे आला होता. दीर्घ चर्चेनंतर १० नोव्हेंबर २०१६ रोजी आवृत्ती १.१३ मध्ये प्रश्नचिन्हाचा समावेश झाला.

लायब्ररी लिहिणाऱ्यांपुढे किमान आवृत्तीचा प्रश्न येथे ठळकपणे उभा राहिला. प्रश्नचिन्ह वापरले की १.१२ व त्यापूर्वीच्या कंपायलरचे दार बंद होई. पुढील अनेक वर्षे ‘लिबसी’ व ‘सर्ड’ यांसारख्या पायाभूत लायब्ररींनी १.१३ हीच आपली किमान आवृत्ती म्हणून सांभाळली. दरम्यान ६ डिसेंबर २०१८ रोजी १.३१ सोबत आलेल्या ‘२०१८ एडिशन’मध्ये ‘ट्राय’ हा राखीव शब्द ठरला आणि १.३९ मध्ये जुना मॅक्रो कालबाह्य घोषित झाला. एका सोयीचे चिन्ह स्थिर होण्यास आणि जुने रूप मागे पडण्यास अशी काही वर्षे लागली.

२. ‘कॉज’पासून ‘सोर्स’पर्यंत :

प्रश्नचिन्हामुळे त्रुटी वर पाठविणे सुलभ झाले, पण त्रुटीने स्वतःविषयी काय सांगावे हा प्रश्न उरला. त्यासाठी प्रमाण लायब्ररीत ‘एरर’ नावाचा करार होता. रस्टच्या परिभाषेत त्यास ट्रेट म्हणतात. त्रुटीचा कोणताही प्रकार या करारातील फंक्शने पुरवितो. १.० मधील करारात ‘डिस्क्रिप्शन’ व ‘कॉज’ ही दोन मुख्य फंक्शने होती.

‘डिस्क्रिप्शन’ त्रुटीचे वर्णन देई. मात्र ते आधीच तयार असलेल्या मजकुराचा केवळ संदर्भ परत करू शके. कोणती फाईल, कितवी ओळ असा प्रसंगपरत्वे बदलणारा तपशील त्यात गुंफणे अवघड होते. तो तपशील देण्याची सोय ‘डिस्प्ले’ या दुसऱ्या करारात होतीच. तरीही १.२६ पर्यंत प्रत्येक त्रुटी-प्रकारास ‘डिस्क्रिप्शन’ लिहिणे बंधनकारक होते. १.२७ मध्ये ते ऐच्छिक झाले आणि मार्च २०२० मधील १.४२ पासून त्याच्या वापरावर सूचना दिली जाऊ लागली. म्हणजे १.२६ किंवा त्याआधीच्या कंपायलरला आधार देणाऱ्या लायब्ररीला, फारसा उपयोग नसलेले एक फंक्शन लिहीत राहणे भाग होते.

‘कॉज’ची अडचण याहून गंभीर होती. एका त्रुटीमागे दुसरी, तिच्यामागे तिसरी अशी साखळी असते. ‘सेटिंग वाचता आले नाही’ या त्रुटीमागे ‘फाईल उघडता आली नाही’ आणि तिच्यामागे ‘परवानगी नाही’ हे खरे कारण असू शकते. ‘कॉज’ मागची कडी दाखवी, परंतु तिच्या रचनेतील मर्यादेमुळे ती कडी नेमक्या कोणत्या प्रकारची आहे हे प्रोग्रॅमला ओळखता येत नसे. मजकूर छापता येई. त्यावरून निर्णय घेता येत नसे. हा दोष दूर करण्यासाठी २५ ऑक्टोबर २०१८ रोजी १.३० मध्ये ‘सोर्स’ हे नवे फंक्शन आले.

या बदलाची आखणी करताना जुन्या वापरकर्त्यांचा विचार झाला होता. ‘कॉज’ स्वतंत्रपणे लिहिलेले नसेल तर ते आपोआप ‘सोर्स’चे उत्तर देते. त्यामुळे जुन्या पद्धतीने कारण विचारणाऱ्या प्रोग्रॅमला नव्या लायब्ररीची साखळी दिसते. उलट दिशेने मात्र अशी सोय नाही. ज्या लायब्ररीने केवळ ‘कॉज’ लिहिले आहे, तिच्या त्रुटीला नव्या पद्धतीने ‘सोर्स’ विचारल्यास काहीच मिळत नाही. साखळी तेथेच तुटते आणि ती तुटल्याची कोणतीही सूचना मिळत नाही.

याचे व्यावहारिक उदाहरण म्हणजे ‘रस्ट-बिटकॉइन’ ही लायब्ररी. पैशाच्या व्यवहाराशी संबंध असल्याने तिच्या विकासकांनी जुन्या व तपासलेल्या कंपायलरला आधार देण्याचे धोरण ठेवले आणि दीर्घकाळ १.२९ ही किमान आवृत्ती राखली. ‘सोर्स’ आले ते १.३० मध्ये, म्हणजे अवघी एक आवृत्ती नंतर. १.२९ चे बंधन असेपर्यंत ‘सोर्स’ लिहिण्याचा मार्ग त्यांना बंद होता. २०२२ साली किमान आवृत्ती १.४१.१ वर नेल्यानंतर तो मोकळा झाला. सहा आठवड्यांच्या अंतराची किंमत वर्षांत मोजावी लागली, ती अशी.

३. मधले पूल :

प्रमाण लायब्ररीतील दोष दूर होण्याची वाट न पाहता अनेकांनी स्वतंत्र लायब्ररी लिहून तात्पुरते पूल बांधले. ‘क्विक-एरर’ व ‘एरर-चेन’ या आरंभीच्या लायब्ररींनी त्रुटी-प्रकार लिहिण्याचे कष्ट कमी केले. २०१७ च्या अखेरीस आलेल्या ‘फेल्युअर’ने मोठे पाऊल उचलले. प्रमाण ‘एरर’ करार बाजूस ठेवून तिने ‘फेल’ नावाचा स्वतःचा करार मांडला. त्यात कारणांची साखळी व बॅकट्रेस, म्हणजे त्रुटी कोणत्या वाटेने आली याची नोंद, या दोहोंची सोय होती.

‘फेल्युअर’चे गुण वादातीत होते, पण तिच्यामुळे दोन करार अस्तित्वात आले. प्रमाण त्रुटी ‘फेल’मध्ये सहज सामावे, उलट ‘फेल’ मानणारी त्रुटी प्रमाण ‘एरर’ म्हणून वापरण्यास मधला वेष्टनाचा थर लागे. ज्या लायब्ररीने ‘फेल’ स्वीकारले तिच्या वापरकर्त्यांनाही तेच स्वीकारणे भाग पडे. पुढे ‘फेल्युअर’मधील चांगल्या कल्पना २०१८ च्या एका प्रस्तावाद्वारे प्रमाण लायब्ररीकडे वळविण्यात आल्या. ‘सोर्स’ हे त्याचेच फळ होय. २०२० मध्ये ‘फेल्युअर’चा विकास अधिकृतपणे थांबविण्यात आला.

डेव्हिड टोल्ने यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘एनिहाउ’ व ‘दिस-एरर’ या लायब्ररी या अनुभवानंतरच्या आहेत. दोन्ही प्रमाण ‘एरर’ करारावर उभ्या आहेत. ‘एनिहाउ’ प्रामुख्याने प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी, तर ‘दिस-एरर’ लायब्ररी लिहिणाऱ्यांसाठी आहे. ‘दिस-एरर’ हाताने लिहावा लागणारा मजकूर तयार करून देते आणि लायब्ररीच्या बाह्य रूपात स्वतः कोठेही दिसत नाही. उद्या ती काढून टाकली तरी वापरकर्त्याला फरक पडत नाही. पूल बांधावा, पण त्यावर कोणाला कायमचे राहावे लागू नये, हा धडा येथे घेतलेला दिसतो.

‘एनिहाउ’ने आणखी एक युक्ती वापरली. बांधणीच्या वेळी ती कंपायलरची आवृत्ती तपासते आणि नवी सोय उपलब्ध असल्यासच ती चालू करते. जुन्या कंपायलरवर लायब्ररी चालते, नव्यावर अधिक माहिती देते. या युक्तीस दोन मर्यादा आहेत. एक, मजकुराच्या दोन वाटा लिहाव्या व तपासाव्या लागतात. दोन, हा फरक लायब्ररीच्या आतच ठेवावा लागतो. फंक्शनचे बाह्य रूपच आवृत्तीनुसार बदलू लागले, तर एका यंत्रावर चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर अडतो.

४. त्रुटींची यादी : बंद की उघडी?

लायब्ररी आपल्या संभाव्य त्रुटींची यादी जाहीर करते. वापरणारा त्या यादीतील प्रत्येक शक्यतेसाठी उपाय लिहितो आणि कंपायलर एकही शक्यता सुटलेली नाही ना, हे तपासतो. अडचण अशी की, पुढे लायब्ररीने अधिक नेमकी माहिती देण्यासाठी यादीत नवी त्रुटी घातली, तर सर्व वापरकर्त्यांचे प्रोग्रॅम अडतात. सुधारणा हीच मोडतोड ठरते.

१९ डिसेंबर २०१९ रोजी आलेल्या १.४० मध्ये ‘ही यादी पुढे वाढू शकते’ असे अधिकृतपणे जाहीर करण्याची सोय झाली. तत्पूर्वी लायब्ररी यादीत एक लपविलेली, दोन अधोरेषांनी सुरू होणाऱ्या नावाची शक्यता घालून ठेवीत. ती कोणी वापरू नये, असा संकेत होता. प्रमाण लायब्ररीच्या ‘एररकाइंड’ यादीतही हीच क्लृप्ती होती. जी लायब्ररी १.४० खाली राहिली, तिला एक तर ही क्लृप्ती सांभाळावी लागली किंवा त्रुटींची यादी गोठवून ठेवावी लागली.

५. जुन्या कंपायलरवर कोण असते?

रस्टची नवी आवृत्ती बहुतेक यंत्रांवर विनामूल्य व काही मिनिटांत बसविता येते. मग जुना कंपायलर कोणी का वापरावा, असा प्रश्न वारंवार विचारला गेला. त्याचे उत्तर लिनक्सच्या वितरणांकडे पाहिल्यास मिळते. डेबियनसारखे वितरण एकदा स्थिर झाले की त्यातील पॅकेजांच्या आवृत्त्या सामान्यतः बदलत नाहीत. सर्व्हर चालविणाऱ्या संस्थांना हेच स्थैर्य हवे असते. ऑगस्ट २०२१ मध्ये स्थिर झालेल्या डेबियन ११ मध्ये रस्ट १.४८ होती, जून २०२३ मधील डेबियन १२ मध्ये १.६३. बॅकट्रेसची सोय प्रमाण लायब्ररीत स्थिर झाली ती ३ नोव्हेंबर २०२२ रोजी, १.६५ मध्ये. केवळ दोन आवृत्त्यांच्या फरकाने डेबियन १२ तिला मुकले. वितरणाच्या नेहमीच्या कंपायलरवर विसंबणाऱ्यांना ती ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ सोबत आलेल्या १.८५ मध्ये मिळाली, म्हणजे दोन वर्षे नऊ महिन्यांनी.

ज्यांना कंपायलरच मुळापासून बांधून त्याची खात्री करून घ्यायची असते, असा दुसराही एक वर्ग आहे. रस्टचा कंपायलर रस्टमध्येच लिहिलेला असल्याने प्रत्येक आवृत्ती बांधण्यास आधीची आवृत्ती लागते. ही साखळी मुळाशी तोडण्यासाठी ‘एम-रस्टसी’ हा सी++ मधील पर्यायी कंपायलर लिहिला गेला. तो स्वभावतःच काही आवृत्त्या मागे असतो. अशा वापरकर्त्यांचा आग्रह हा निव्वळ जुन्याचा हट्ट नसून सुरक्षिततेची गरज आहे, हे लक्षात घ्यावे लागते.

छोट्या उपकरणांसाठी लिहिणाऱ्यांची अडचण निराळी होती. त्यांचे प्रोग्रॅम संपूर्ण प्रमाण लायब्ररीऐवजी तिच्या ‘कोअर’ या गाभ्यावर चालतात. ‘एरर’ करार गाभ्यात नव्हता. त्यामुळे दोन्हीकडे चालणाऱ्या लायब्ररीला तो करार अटीवर चालू-बंद करावा लागे. त्रुटी-हाताळणीसाठी २०२० साली नेमलेल्या गटाने या प्रश्नात लक्ष घातले, २०२२ मध्ये हा करार प्रायोगिक स्वरूपात गाभ्यात आला आणि ५ सप्टेंबर २०२४ रोजी १.८१ मध्ये तो स्थिर झाला.

६. अलिखित संकेताकडून लिखित नोंदीकडे :

वरील सर्व काळात किमान आवृत्ती ही बहुधा परिचयपत्रात लिहिलेली एक ओळ असे. कार्गो हे रस्टचे बांधणी-साधन ती ओळ वाचत नसे. ते नेहमी लायब्ररीची जुळणारी सर्वांत नवी आवृत्ती निवडे. एखाद्या लायब्ररीने किरकोळ सुधारणेत किमान आवृत्ती वाढविली, की जुना कंपायलर वापरणाऱ्याची बांधणी अचानक बंद पडे. त्याने स्वतः एक अक्षरही बदललेले नसे. किमान आवृत्ती वाढविणे हा मोठा बदल मानावा की किरकोळ, यावर मतभेद होते. मोठा मानल्यास सर्व अवलंबितांना स्थलांतर करावे लागे. किरकोळ मानल्यास वापरणाऱ्याला पूर्वसूचना मिळत नसे.

२१ ऑक्टोबर २०२१ रोजी १.५६ मध्ये लायब्ररीच्या नोंदपत्रात किमान आवृत्ती लिहिण्यासाठी स्वतंत्र रकाना आला. आरंभी त्याचा उपयोग कंपायलर जुना असल्यास स्पष्ट संदेश देण्यापुरता होता. ९ जानेवारी २०२५ रोजी १.८४ मध्ये, ही नोंद पाहून जुळणारी लायब्ररी निवडण्याची सोय कार्गोत झाली आणि २० फेब्रुवारी २०२५ च्या १.८५ सोबत आलेल्या ‘२०२४ एडिशन’मध्ये तीच नेहमीची पद्धत ठरली. आता लायब्ररी पुढे गेली तरी मागे राहिलेल्याला तिची जुनी, त्याच्या कंपायलरवर चालणारी आवृत्ती मिळू शकते.

गो भाषेचा अनुभव याच्याशी मिळताजुळता आहे. तेथेही त्रुटींच्या साखळीची कल्पना प्रथम ‘एक्स-एरर्स’ या स्वतंत्र लायब्ररीत आजमावली गेली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये गो १.१३ च्या प्रमाण लायब्ररीत आली. प्रकल्पाच्या नोंदपत्रातील गोची आवृत्ती ही सूचना न राहता बंधनकारक अट झाली ती ऑगस्ट २०२३ मधील १.२१ पासून. दोन्ही भाषांत क्रम सारखाच आहे : आधी पूल, नंतर प्रमाण लायब्ररी आणि शेवटी लिखित नोंद.

निष्कर्ष :

१) रस्टमधील स्थैर्याचे वचन एकदिशा असल्याने किमान आवृत्तीचा पेच अटळ होता. तो कोणा एका गटाच्या हटवादीपणातून निर्माण झाला नाही.
२) किमान आवृत्ती खाली ठेवण्याची किंमत केवळ लायब्ररी लिहिणारा मोजत नाही. ‘सोर्स’च्या उदाहरणात दिसते त्याप्रमाणे, नवा कंपायलर असलेल्या वापरकर्त्यालाही त्रुटीची तुटलेली साखळी मिळते.
३) किमान आवृत्ती पूर्वसूचनेशिवाय वाढविण्याची किंमत वितरणांवर विसंबलेल्या व सुरक्षिततेसाठी जुना कंपायलर राखणाऱ्या वर्गावर पडते.
४) प्रमाण करारास पर्याय उभा करणाऱ्या लायब्ररीपेक्षा त्याच कराराला पूरक ठरणाऱ्या लायब्ररी अधिक टिकल्या.
५) या पेचावरील सर्वांत परिणामकारक उपाय त्रुटी-हाताळणीच्या तंत्रात नव्हे, तर किमान आवृत्ती यंत्राला वाचता येईल अशा रीतीने लिहून ठेवण्यात सापडला. तो भाषा स्थिर झाल्यानंतर सहा वर्षांनी सुरू झाला आणि पूर्णत्वास जाण्यास आणखी तीन वर्षांहून अधिक काळ लागला.

समारोप :

रस्टमधील अकरा वर्षांच्या या वाटचालीत नव्या-जुन्याचा वाद एका बाजूच्या विजयाने मिटला नाही. जुन्या कंपायलरवर राहणाऱ्यांचा हक्क मान्य झाला, पण त्यांच्यासाठी सर्वांनी थांबावे हा आग्रह मागे पडला. पुढे जाणाऱ्यांना मोकळीक मिळाली, पण आपण कोठवर पुढे गेलो हे लिहून ठेवण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. लिखित नोंद मागील आवृत्त्यांची वाट खुली ठेवते, परंतु त्या आवृत्त्यांतील तुटलेली साखळी जोडत नाही. ते काम लायब्ररी लिहिणाऱ्यालाच करावे लागते. त्रुटी वापरणाऱ्यापर्यंत पूर्ण कारणासह पोहोचणे हा त्रुटी-हाताळणीचा मूळ हेतू आहे, आणि किमान आवृत्तीविषयीचा प्रत्येक निर्णय त्या हेतूच्या कसोटीवर घासून पाहणे उचित ठरेल.